पत्रकात चेडर आहे, सुकट नाही: एमएओआय घेणाऱ्याने आपल्या ताटातलं काय टाळायचं?

खारीबटर
नमस्कार मंडळी. सहा वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आम्ही नॉटिंगहॅमला असतो. नवऱ्याला बरीच वर्षं नैराश्याचा त्रास आहे. चार औषधं झाली. एकाचा गुण वर्षभर टिकला, बाकीच्यांचा तेवढाही नाही. आता डॉक्टर फेनेल्झिन सुरू करतायत. जुनं औषध आहे, एमएओआय गटातलं. त्याबरोबर खाण्याचं पथ्य फार कडक, म्हणून दोन पानी पत्रक हातात दिलंय. त्यात चेडर, स्टिल्टन ही चीजं, पेपरोनी (मुरवलेलं मांस), मार्माइट, बोव्हरिल, सॉअरक्राउट (आंबवलेला कोबी), नळाची बिअर, सोया सॉस आणि ब्रॉड बीन्सच्या शेंगा. यातलं आमच्या घरी फक्त चेडर येतं, तेही मुलीच्या डब्यापुरतं.

मला प्रश्न पडलाय तो पत्रकात नसलेल्या गोष्टींचा. दही, ताक, इडलीचं पीठ, लोणचं, सुकट, सोडे, वाल, पनीर? दवाखान्यात विचारलं तर त्या बाई म्हणाल्या, "इफ इन डाउट, लीव्ह इट आउट." अहो, मग जेवायचं काय? त्यात पुढच्या महिन्यात सासूबाई रत्नागिरीहून येतायत. त्यांची बॅग म्हणजे अर्धा मासळीबाजार.

कुणाला अनुभव आहे का?

बाळू_जोशी_नव्हे
पहिला! (पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एमएओआयला पॉपकॉर्न चालतं ना?)

केमिस्टकाका
ताई, चांगला प्रश्न. सांगलीत एकतीस वर्षं दुकान चालवतोय, पण हा प्रश्न काउंटरवर दोनदाच आला, कारण आपल्याकडे या गोळ्या फारच क्वचित लिहितात. आधी भानगड काय ती सांगतो, मग यादी तुमची तुम्हालाच करता येईल.

प्रथिनांमध्ये टायरोसिन नावाचा घटक असतो. पदार्थ मुरायला ठेवला की काही जीवाणू त्याचं टायरामिन करतात. 'टायरोस' म्हणजे ग्रीकमध्ये चीज, नावातच सगळं आलं. तुमच्याआमच्या पोटात टायरामिन गेलं तर आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज (एमएओ) नावाचा रखवालदार बसलेला असतो, तो ते तिथल्या तिथे मोडून टाकतो. फेनेल्झिन नेमकं या रखवालदारालाच झोपवतं. मेंदूत तेच हवं असतं, पण दारावरचाही झोपतो. मग टायरामिन थेट रक्तात जातं, मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं नॉरॲड्रेनलिन बाहेर ढकलतं आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. निरोगी माणसाचा दाब असा चढायला काही शे मिलिग्रॅम टायरामिन लागतं. या गोळ्या घेणाऱ्याला दहाच्या आसपासही जड जाऊ शकतं.

म्हणून पदार्थाचं नाव नका बघू. तीन गोष्टी विचारा: प्रथिन आहे का, जीवाणूंना वाव मिळाला का, आणि किती दिवस? आणि हो, शिजवून टायरामिन जात नाही.

शेवंता७९
काका, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

म्हणजे आजी म्हणायची ते 'शिळंपाकं खाऊ नये' एवढंच की हो.

केमिस्टकाका
बरंचसं तेच. फक्त आजी शिळी भाकरीही त्यात धरायची. भाकरीचं काही नाही, शिळ्या मटणाचं आहे.

गोंयकार_पावलो
खारीबटरताई, सुकट, बोंबील, सोडे: तिन्ही नको. उन्हात वाळवलेली मासळी किती वेळ कशी पडून होती, वाळताना पाऊस आला का, हे विकणारीलाही ठाऊक नसतं. आमच्या गोव्यातलं तर विचारूच नका. चोरीस (डुकराच्या मांसाचं, व्हिनेगर-मिरचीत मुरवून वाळवलेलं) म्हणजे तुमच्या पत्रकातल्या पेपरोनीचा सख्खा चुलतभाऊ. सुक्या मासळीचा पारा, सुंगटांचं बालचांव, सगळं त्याच पंगतीत. आंब्याच्या लोणच्याचं मात्र मला कळत नाही. तेही मुरतंच ना?

केमिस्टकाका
मुरतं, पण कैरीत प्रथिन नगण्य, वर मीठ आणि तेल भरपूर. माझ्या मते ते पारा-बालचांवच्या पंगतीत बसत नाही. तरी तिथल्या फार्मासिस्टला एकदा विचारा. मासळीचं लोणचं मात्र नाहीच.

बाळू_जोशी_नव्हे
म्हणजे सासूबाईंच्या बॅगेतली फक्त वरची कपड्यांची घडी चालेल.

टोरांटोची_टवळी
अनुभव विचारला आहे म्हणून लिहिते. माझी मोठी बहीण इथे कॅनडात ट्रॅनिलसिप्रोमिन घेत होती, याच गटातलं. पथ्य अगदी चोख पाळायची. एका पॉटलकला कुणीतरी बटाट्याच्या भाजीवर चीज किसून घातलेलं, ते साधं असेल असं समजून तिने खाल्लं. ते निघालं दोन वर्षं मुरवलेलं चेडर. अर्ध्या-पाऊण तासात डोक्याच्या मागच्या बाजूला घण घातल्यासारखं व्हायला लागलं, मान ताठ, घामाने ब्लाउज भिजलेलं. ती म्हणाली, "माझं डोकं आत्ता फुटणार." इमर्जन्सीत नेलं तेव्हा वरचा आकडा २१० होता. चार तासांत उतरला. काही झालं नाही, पण ती गाडीतली वीस मिनिटं मी विसरले नाही.

सांगायचं एवढंच: तसं डोकं दुखलं तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. घरात दाब मोजायचं यंत्र आणा. आणि दुसऱ्याकडे जेवायला जाताना आधी फोन करा, लाज वाटली तरी.

खारीबटर
बापरे. धन्यवाद टवळीताई. (आयडी असा का घेतलात हो!) यंत्र आजच मागवते.

सत्यशोधक_नागपूर
थोडं वेगळं मत मांडतो, भांडू नका. या याद्या जुन्या आणि गरजेपेक्षा लांब आहेत. सुरुवातीच्या वर्षांत कुणालाही काहीही त्रास झाला की तो पदार्थ यादीत गेला, आणि एकदा गेलेला कुणी बाहेर काढला नाही. पुढे टोरांटोतल्याच शुलमन वगैरे मंडळींनी पदार्थ आणून त्यांतलं टायरामिन प्रत्यक्ष मोजलं. मोठ्या साखळी दुकानांतल्या नेहमीच्या पिझ्झात ते फारच कमी निघालं, कारण मोझरेला मुरवलेलं नसतं. सोया सॉसमध्ये मात्र बाटलीगणिक प्रचंड फरक. लोक घाबरून एकतर औषधच नाकारतात किंवा वरणभातावर राहून आणखी उदास होतात. ताजं पनीर, घरचं ताजं दही, ताक खुशाल खा.

टोरांटोची_टवळी
सत्यशोधकजी, बहिणीच्या ताटात पिझ्झा नव्हता, म्हणून पिझ्झाची शाश्वती कामाची नाही. यादी लांब असेल, पण जे आहे ते आहे.

सत्यशोधक_नागपूर
चेडर खा असं मी कुठे म्हटलं? दोन वर्षं मुरवलेलं तर अजिबात नाही. मी पनीरबद्दल बोलतोय.

मनोविकार_मदतनीस
मी मानसोपचार विभागात काम करते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहात. हल्लीची पथ्यं पूर्वीपेक्षा आटोपशीर झालीत, पण मुरवलेलं चीज, सुकवलेलं-मुरवलेलं मांस व मासळी, आंबवलेलं सोयाबीन, नळाची बिअर आणि मार्माइटसारखे यीस्टचे अर्क हे ठळक पाच-सहा प्रकार तसेच कायम आहेत. फ्रीजमध्ये चार दिवस पडलेलं चिकन लोक विसरतात, तेही धरा.

पण ताई, एक गोष्ट खाण्याहून महत्त्वाची. सर्दी-खोकल्याची औषधं! नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन, खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल आणि पेथिडीन. यांतलं काहीही या गोळ्यांबरोबर जिवावर बेतू शकतं. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात फेनेल्झिन घेणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला पेथिडीन दिलं गेलं आणि ती दगावली. त्या प्रकरणानंतरच त्या राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली. सासूबाई सुकटीबरोबर इकडच्या सर्दीच्या गोळ्यांची पट्टीही आणतील, ती आधी बाजूला काढा.

अजून एक. औषध बंद केलं की लगेच पथ्य सुटत नाही. काकांचा तो रखवालदार, म्हणजे तो एन्झाइम, शरीराला नव्याने तयार करायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर पथ्य चालूच.

अर्धवट_पुणेकर
मी एस्सिटालोप्राम घेतो. हा धागा वाचून काल पनीर टिक्का परत पाठवला. माझंही हेच का??

मनोविकार_मदतनीस
नाही हो! तुमचं औषध एसएसआरआय गटातलं. त्याचा टायरामिनशी संबंध नाही. पनीर टिक्का परत मागवा.

अर्धवट_पुणेकर
वेटरने ओळखलं तर?

बाळू_जोशी_नव्हे
पुणेकर आहात ना, त्यालाच ऐकवा.

चहाबाज
एसएसआरआयवाल्यांनी अगदीच निर्धास्त राहू नये असं माझं मत. स्वतःचं सांगतो. ओसीडीसाठी (मंत्रचळ) फ्लुवोक्सामिन सुरू झालं, तेही एसएसआरआयच. मी दिवसाला आठ चहा पिणारा, शिवाय ऑफिसात दोन कॉफ्या. पंधरा दिवसांत झोप उडाली, हात थरथरायला लागले, छातीत धडधड. मला वाटलं आजार वाढला. डॉक्टरांनी गोळी वाढवायच्या ऐवजी विचारलं, "चहा किती?" मग कळलं की कॅफिन मोडणारा यकृतातला एन्झाइम हे औषध जवळजवळ बंद पाडतं. एरवी पाचेक तासांत निम्मं उतरणारं कॅफिन तीस तासांच्याही पुढे रेंगाळतं. म्हणजे सोमवारचा चहा मंगळवारी अंगातच, वर मंगळवारचे आठ. दोनावर आलो आणि माणसात आलो.

आडनाव सांगत नाही, पण आमच्या घराण्यात दोन चहा म्हणजे संन्यास.

शेवंता७९
अवांतर: सर्ट्रालीनच्या पाकिटातल्या कागदावर द्राक्षफळ, ग्रेपफ्रूट, टाळा असं वाचलं. ते आपल्याकडे कोण खातं?

केमिस्टकाका
ग्रेपफ्रूट नाही, पण गणपतीत पपनस खातोच की! पपनस म्हणजे ग्रेपफ्रूटचे आईबाप, पपनस आणि संत्र्याच्या संकरातूनच ते फळ निघालं. दोघांतही फ्युरानोकुमारिन असतात, ते आतड्यातल्या वेगळ्या एका एन्झाइमला निकामी करतात आणि काही औषधं रक्तात जास्त पोहोचतात. हे कळलं तेही अपघाताने. १९८९ च्या सुमारास कॅनडात बेली नावाचे संशोधक रक्तदाबाच्या फेलोडिपिन या गोळीवर दारूचा परिणाम तपासत होते. दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि दारूचं राहिलं बाजूला, रसामुळेच औषधाची पातळी भलतीच चढलेली सापडली.

एखाद्या फोडीने आभाळ कोसळत नाही, पण रोज पेलाभर रस नको. मोसंबी-संत्री चालतात.

निसर्गोपचारी
एवढी पथ्यं लागणारं औषध घ्यायचंच कशाला? मन खंबीर केलं की नैराश्य जातं. अश्वगंधा, कवचबीज चूर्ण आणि सकाळी चालणं. पश्चिमेने आपल्याला गोळ्यांचं गुलाम केलंय. कवचबीज तर शंभर टक्के नैसर्गिक.

केमिस्टकाका
साहेब, टायरामिनही शंभर टक्के नैसर्गिकच आहे.

आणि नेमकं कवचबीज! खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा भरपूर असतं, पार्किन्सनवर देतात तेच. एमएओआयबरोबर लेव्होडोपा घेतलं तर रक्तदाब तसाच भडकू शकतो. ताईंच्या पत्रकात ब्रॉड बीन्सच्या शेंगा आहेत त्या याच कारणासाठी, टायरामिनसाठी नव्हे. तुमच्या सल्ल्याने त्या माणसाला थेट दवाखान्यात पोहोचवलं असतंत.

निसर्गोपचारी
अतिरेक केला तर काहीही वाईट. असो.

संपादक
'मन खंबीर करा' छापाचे सल्ले या धाग्यावर नकोत. विषयावर राहा.

कोकणी_मेवा
ब्रॉड बीन्स म्हणजे आपले वाल का मग? गुगल भाषांतरात घेवडाही येतो. आमच्याकडे बिरड्याशिवाय श्रावण नाही, म्हणून विचारते.

केमिस्टकाका
नाही. ब्रॉड बीन म्हणजे बाकला, उत्तरेत जास्त खातात. वाल आणि घेवडा वेगळ्या झाडांचे. बिरडं वाचलं.

शेवंता७९
आणि केळं? एका यादीत केळं पाहिलं होतं.

सत्यशोधक_नागपूर
हेच ते, एकदा आत गेलेलं बाहेर न निघालेलं. इंग्लंडात एकाने कच्ची केळी सालासकट शिजवून खाल्ली आणि त्रास झाला. टायरामिन सालीत असतं. गर बिनधास्त खा.

कोकणी_मेवा
आमच्याकडे केळीच्या सालींची भाजी करतात...

सत्यशोधक_नागपूर
ती नको :)

वडापाव_डिप्लोमसी
जरा वेगळं, पण इथेच विचारतो. मला २०१९ मध्ये टीबी झाला होता. आयसोनियाझिड चालू असताना एकदा बांगडा खाल्ला आणि दहा मिनिटांत तोंड लालबुंद, अंगाला खाज, डोकं गरगर. घरच्यांनी मासे उष्ण म्हणून बंद केले. वरच्या चर्चेशी काही संबंध?

मनोविकार_मदतनीस
जवळचा संबंध. बांगडा, कुप्पा (टूना) हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांत हिस्टामिन साठतं. ते मोडणाऱ्या एन्झाइमला आयसोनियाझिड अडवतं, आणि एमएओलाही थोडंफार. श्रीलंकेत डॉ. उरागोडा यांनी सत्तरच्या दशकात टीबीच्या रुग्णांवर नेमकं हेच नोंदवलं. मासा उष्ण नव्हता, ताजा नव्हता.

आणि गंमत म्हणजे नैराश्यावरची ही औषधं टीबीच्याच घरातून आली. आयसोनियाझिडचं भावंड इप्रोनियाझिड. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयाच्या रुग्णांना ते दिलं, तर मरणाला टेकलेली माणसं वॉर्डात हसायला-नाचायला लागली. पाच वर्षांनी नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञांनी ते नैराश्यावर वापरलं. पुढे कावीळ होते म्हणून ते मागे पडलं, पण गट राहिला.

आजही नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर लिनेझोलिड देतात, तोही सौम्य एमएओ-रोधक आहे. घरात कुणाला ते चालू असेल आणि जोडीला नैराश्याचं औषधही असेल, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवाच.

वडापाव_डिप्लोमसी
सात वर्षं मी बांगड्याला शिव्या घालतोय.

गोंयकार_पावलो
माफी मागा त्याची. कोळणीला विचारा आधी बर्फ कधी घातला.

सत्यशोधक_नागपूर
खारीबटरताई, तुम्ही नॉटिंगहॅम म्हणालात ना? मग हे ऐकाच. चीज आणि या औषधांचा संबंध जगासमोर आणायला तुमच्याच गावच्या एका माणसाचं पत्र कारणी लागलं. १९६३. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात बॅरी ब्लॅकवेल नावाचा तरुण डॉक्टर होता. या गोळ्या घेणाऱ्यांना अचानक प्रचंड डोकेदुखी का होते, यावर त्याने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहिलं. ते वाचून नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या औषधनिर्मात्याने त्याला कळवलं की माझ्या बायकोला दोनदा असंच झालं आणि दोन्ही वेळा तिने चीज खाल्लं होतं. दूध-लोण्याने काही होत नाही, हेही त्यांनी टिपलं होतं. आधी सगळे हसले. ब्लॅकवेलने मग स्वतः गोळ्या घेऊन चीज खाऊन पाहिलं, त्याला काहीच झालं नाही. पण पुढे वॉर्डात रुग्ण सापडत गेले आणि त्याच वर्षी लॅन्सेटमध्ये लेख आला. पुढच्या वर्षी अमेरिकेत ट्रॅनिलसिप्रोमिन काही महिने बाजारातून काढूनही घेतलं होतं.

केमिस्टकाका
औषधनिर्माता म्हणजे आमच्यातलाच! बायको काय खाते याकडे लक्ष असलेला केमिस्ट. हे मी आज घरी वाचून दाखवणार.

शेवंता७९
काका, काकू विचारतील, "आणि तुमचं लक्ष कुठे असतं?"

खारीबटर
(तीन आठवड्यांनी.)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तुमच्या उत्तरांवरून मी एक कागद केला, तीन रकाने: रोज चालेल, विचारून, अजिबात नाही. आमच्या इथल्या फार्मासिस्ट बाईंना दाखवला. वाल म्हणजे ब्रॉड बीन नव्हे हे पटवायला मला डाळीचं पाकीट न्यावं लागलं. दही, ताक, पनीर, केळं पहिल्या रकान्यात. इडलीचं पीठ भिजवल्यापासून एक दिवसाच्या आत संपवायचं. आंब्याचं लोणचं त्यांनी 'विचारून'मध्ये ठेवलं, म्हणाल्या पहिला महिना जाऊ दे. रो साहेबांचं पत्र त्यांना माहीत नव्हतं, फार खूश झाल्या.

सासूबाई परवा आल्या. बॅगेत दोन किलो सोडे, सुकट, करंदी, आणि मदतनीसताई, तुम्ही म्हणालात तशी सर्दीच्या गोळ्यांची पट्टी होतीच. आधी जरा फुरंगटल्या. "आमच्या घरात सोड्यांनी कुणाला काही झालं नाही." मग मी तुमच्या भाषेत सांगितलं की अहो आई, रखवालदार झोपलाय सध्या. त्यावर म्हणाल्या, "असं होय, मग ताजे बघू कुठे मिळतात ते." आणि मला घेऊन बाजारात गेल्या. मासेवाल्याला कल्ले उघडून दाखवायला लावले. मी इथे आठ वर्षं राहते, माझी कधी हिंमत झाली नव्हती.

गोळ्या सुरू होऊन अकरा दिवस झालेत. गुण येतोय का ते सांगायला लवकर आहे. काल मात्र ह्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा कालवण मागून घेतलं.

गोंयकार_पावलो
देव बरें करूं. सोड्यांचं काय झालं?

खारीबटर
फ्रीझरमध्ये. मी आणि आई ह्यांच्या नाइट शिफ्टला करतो, खिडक्या उघड्या ठेवून.

बाळू_जोशी_नव्हे
नॉटिंगहॅमच्या शेजाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा.